पाचव्या नंबरच्या म्हशी

एका जंगलात, बाळांनो, पाणवठा एकच होता आणि पाणी प्यायला नंबर लागत. जंगलाचं नाव विचारू नका. नाव सांगितलं की तिथले लोक म्हणतात, आमच्याकडे असलं काही नाही, आणि गोष्ट तिथेच अडकते.

पहिला नंबर गाईंचा. गाई पांढऱ्याशुभ्र होत्या. दुसरा हरणांचा, तिसरा सांबरांचा, चौथा माकडांचा. पाचवा आणि शेवटचा म्हशींचा. हे नंबर रंगावरून ठरलेत असं कुणी म्हणत नसे. म्हशी उतरल्या की पाणी गढूळ होतं, एवढंच कारण सांगत. म्हशींचा नंबर येईपर्यंत माकडांनी त्यात यथेच्छ आंघोळी केलेल्या असत आणि पाण्याचा कधीच चिखल झालेला असे. पण कारण ते कारण.

उन्हाळ्यात पाचवा नंबर भर दुपारी लागे. म्हशीला ऊन सोसत नाही, हे तुम्हाला शाळेत शिकवलं असेल. म्हशींना ते कुणी शिकवलं नव्हतं, त्यामुळे त्या रांगेत उभ्या राहत. मागच्या उन्हाळ्यात काळिंदी नावाची म्हैस रांगेतच गुडघे टेकून खाली बसली. तिला उठवायला चौघी लागल्या.

या काळिंदीची मुलगी काजळी. काजळी वगार होती. म्हणजे रेडकू म्हणावं तर मोठी, आणि म्हैस म्हणावं तर मोठ्या म्हशी म्हणू देत नव्हत्या. आईला उठवता उठवता तिनं ठरवलं, पुढच्या उन्हाळ्याच्या आत म्हशींना सकाळचं पाणी मिळालं पाहिजे. आणखी एक उन्हाळा आई अशी उभी राहू शकणार नाही, हे तिला दिसत होतं. आई सोडून सगळ्यांनाच दिसत होतं.

त्याच वर्षी वनाध्यक्षाची निवडणूक आली.

जंगलात दोन पक्ष होते. दुसऱ्याला खाणाऱ्यांचा तो नखाळ पक्ष. कुणीतरी आपल्याला खाईल अशी भीती असणाऱ्यांचा तो गवताळ पक्ष. नखाळ पक्षाला उमेदवार ठरवायला वेळ लागत नसे. बैठकीत शेवटी जो उरेल तो उमेदवार. गवताळ पक्षात मात्र लोकशाही होती. खऱ्या निवडणुकीच्या आधी ते आपसात एक निवडणूक घेत. इच्छुक उमेदवार एकेका कळपाकडे जात आणि दोन झाडांखाली उभे राहत. कळपानं आपल्या आवडीच्या झाडाखाली जायचं. गाई आधी, मग हरणं, सांबरं, माकडं. म्हशी इथेही शेवटी.

पण म्हशी तीनशे होत्या आणि त्यांची मतं एकगठ्ठा पडत. त्यामुळे शेवटच्या असूनही निकाल त्यांच्या खुरात असे. तेवढ्या एका दिवशी सगळं जंगल म्हशींची वाट बघत उभं राही.

एकगठ्ठा पडत, कारण म्हैस पुढच्या म्हशीची शेपटी बघून चालते. सगळ्यांत पुढे धुरपाआत्या. धुरपाआत्यापुढे शेपटी नव्हती. तिच्याकडे अनुभव होता, असं सगळ्या म्हणत. रांग सोडली तर म्हशीला घेरी येते, असंही सगळ्या म्हणत. सोडून कुणी बघितली नव्हती.

धुरपाआत्याच्या पाठीवर धवलराव नावाचा बगळा बसे. चाळीस वर्षं तो तिथेच बसत होता. तिच्या कानामागचे गोचीड तोच खाई, आणि त्याबद्दल तीनशे म्हशी त्याच्या ऋणात होत्या. तो पोट भरायला गोचीड खातो, हे काजळीनं एकदा बोलून दाखवलं होतं. तेव्हा तिला दोन दिवस डबक्यात उतरू दिलं नव्हतं.

आजवर धवलरावांनी स्वतः निवडणूक लढवली नव्हती. ते म्हशींना फक्त उमेदवार दाखवत. अमका आपला, तमका आपला. या वर्षी मात्र त्यांना स्वतःलाच उभं राहावंसं वाटलं.

"मी आयुष्यभर म्हशींच्या पाठीवर उभा आहे," ते भाषणात म्हणाले. म्हशींनी माना हलवल्या. कुणालाच त्यात खोटं सापडलं नाही.

समोर उभा राहिला घनश्याम. घनश्याम रेडा होता. म्हणजे त्या जंगलाच्या इतिहासात पहिल्यांदाच एक काळा उमेदवार. त्याचं म्हणणं साधं होतं. पाण्याचे नंबर रोज फिरते ठेवू. आज गाई पहिल्या, उद्या हरणं, असं करत पाचव्या दिवशी म्हशी पहिल्या. काजळीनं मनात मांडलं, पाच दिवसांतून एकदा आईला सकाळचं गार पाणी. फार नव्हतं. पण जीव तगायला पुरेसं होतं.

ती उड्या मारत धुरपाआत्याकडे गेली. आत्या रवंथ करत होती. शेजारी भिमामावशी होती. आत्या बोलली की "तेच म्हणते मी" म्हणायचं काम तिच्याकडे होतं.

"आत्या, आपला घनश्यामदादा उभा राहिलाय."

"ऐकलं," आत्या म्हणाली. "काळा आहे. पण आपल्यासारखा काळा नाही."

"म्हणजे कसा?"

"शिकलेला काळा."

"तेच म्हणते मी," भिमामावशी म्हणाली. "आणि त्याची आई नदीपलीकडची. भुरी होती म्हणे."

मग घनश्यामची परीक्षा ठरली. एक कावळा बोलावला. त्याला घनश्यामच्या शेजारी उभं केलं. कावळ्यानं मान वाकडी करून बघितलं आणि निकाल दिला, "माझ्यापेक्षा उजळ आहे."

"आत्या, कावळ्यापेक्षा तूसुद्धा उजळ आहेस," काजळी म्हणाली.

"माझी परीक्षा नाही चाललेली."

मग त्याला चिखलात लोळायला सांगितलं. तो बिचारा लोळला. आत्यानं बराच वेळ निरखलं. "लोळला," ती म्हणाली. "पण मनापासून नाही."

काजळीचं डोकं तापलं. "मग धवलरावांनाही उभं करा की कावळ्याशेजारी."

"त्यांना कशाला? ते पांढरेच आहेत. त्यांनी कधी काळं असल्याचं सांगून आपल्याला फसवलं नाही."

पाठीवरून धवलरावांनी घसा साफ केला. "मुली, तू कधी म्हशीची पाठ बघितली आहेस? स्वतःची?"

"नाही."

"कोणत्याच म्हशीनं बघितलेली नाही. मी रोज बघतो. आता तूच सांग, म्हशींना जास्त कोण ओळखतं?"

तीनशे म्हशी या प्रश्नानं निरुत्तर झाल्या. काजळी निरुत्तर झाली नव्हती, पण तिला कुणी विचारलं नाही.

त्या दिवशी उन्हं उतरल्यावर आत्यानं तिला जवळ बोलावलं. आवाज मऊ केला. मोठी माणसं खरं कारण सांगायच्या आधी आवाज मऊ करतात, बाळांनो. तिथे कान टवकारायचे.

"हे बघ काजळे. पोरगा चांगला आहे. पण गाई त्याला मत देणार नाहीत. मग समोरून नखाळ पक्षाचा तरस निवडून येईल आणि आपल्याला फाडून खाईल. धवलरावांना गाईही देतात. दगडापेक्षा वीट मऊ."

"गाई देणार नाहीत, हे गाईंनी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं?"

काजळीला एवढंच पुरे होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती थेट पाणवठ्यावर गेली. गाईंचा नंबर चालू होता. शुभ्राकाकू नावाची थोर गाय पहिला घोट घेत होती. काजळीनं पाण्याला तोंड लावलं नाही. लांब उभं राहूनच विचारलं.

"काकू, तुम्ही घनश्यामदादाला मत देणार नाही का?"

"आमचं काही नाही गं," काकू म्हणाली. "आमच्यात रंग कुणी बघतच नाही. माझ्या तर लक्षातही राहत नाही, कोण काळं नि कोण पांढरं. थोडी मागे सरक, तुझी सावली पाण्यात पडतेय. पण तुमच्याच म्हशींना तो नको आहे म्हणे. मग आम्ही कशाला मध्ये पडायचं?"

"म्हशी म्हणतात, गाई देणार नाहीत म्हणून आम्ही देत नाही."

काकूनं पाण्यातून तोंड वर काढलं. "असं म्हणतात? आम्ही रंग बघतो असं?"

"असंच म्हणतात."

"आम्हाला एवढ्या हलक्या समजतात त्या?"

शुभ्राकाकूचा अपमान झाला. तासाभरात सगळ्या गाईंचा झाला. चार दिवसांनी त्यांचं मतदान होतं. आपण रंग बघत नाही हे म्हशींना दाखवून द्यायला सगळ्या गाई ठसक्यात घनश्यामच्या झाडाखाली जाऊन उभ्या राहिल्या. तो काय बोलतो ते मात्र त्यांनी ऐकलं नव्हतं. ऐकलं असतं तर रंग बघितल्यासारखं झालं असतं.

हरणं गाईंच्या मागे गेली. हरणं तिकडे गेली म्हणून सांबरं धवलरावांकडे गेली. माकडं झाडाखाली उभी राहण्याऐवजी झाडावर चढली आणि त्यांची सगळी मतं बाद झाली. सांबरं एकटीच गाई-हरणांइतकी होती, त्यामुळे हिशेब बरोबरीत आला. आता सगळं म्हशींवर होतं.

काजळी धापा टाकत कळपात आली. "आत्या, गाईंनी दिलं. सगळ्यांनी दिलं घनश्यामदादाला."

आत्याचा रवंथ थांबला. "गाईंनी? त्याला?"

"हो."

"मग यात काहीतरी काळंबेरं आहे."

"तेच म्हणते मी," भिमामावशी म्हणाली.

"अगं पण गाई देणार नाहीत, एवढीच तुझी अडचण होती ना?"

"गाईंना जो आवडतो तो आपला कसा असेल?"

काजळीनं डोळे मिटून घेतले. "म्हणजे गाईंनी मत दिलं नाही तर तो निवडून येत नाही. आणि दिलं तर तो आपला नाही."

"बघ," आत्या कौतुकानं म्हणाली. "आता तुला राजकारण कळायला लागलं."

काजळी आईकडे गेली. काळिंदी सावलीत बसली होती. ऊन वाढायला लागल्यापासून ती फारशी उठत नव्हती.

"आई, तू तरी त्याला मत दे."

"मी भिमाच्या मागे असते गं. भिमाची शेपटी जाईल तिकडे मी."

"आणि भिमामावशी आत्याच्या मागे. मग तुम्ही तीनशे कशाला येता? एकट्या आत्यालाच पाठवा."

"असं नाही बाई. एकजूट दिसायला हवी."

मतदानाचा दिवस उजाडला. वाटेला जिथे दोन फाटे फुटतात तिथे डावीकडे उंबर होता, उजवीकडे मोह. उंबराखाली धवलराव, मोहाखाली घनश्याम. उमेदवारानं जमिनीवर उभं राहायचं आणि मतदान होईपर्यंत तोंड उघडायचं नाही, असा नियम होता. तो मागे धवलरावांनीच करून घेतला होता. त्यामुळे चाळीस वर्षांत पहिल्यांदाच मतदानाला निघताना धुरपाआत्याची पाठ मोकळी होती.

रांग निघाली. वगारींना रांगेत जागा नसे, त्या कडेकडेनं चालत. काजळी आत्याच्या अगदी बरोबरीनं चालत होती. तिनं पाच मुद्दे पाठ केले होते. त्यांतला दुसरा फार जोरदार होता.

फाट्याशी आत्या थांबली. मागे भिमामावशी थांबली. तिच्यामागे काळिंदी, आणि तशा तीनशे.

आत्या पुढे बघत उभी राहिली. तिनं डावा कान हलवला. मग उजवा हलवला. मग पुन्हा डावा. ऊन वर चढायला लागलं.

"आत्या, का थांबलीस?"

"विचार करतेय."

"कधीपासून?"

आत्यानं पुन्हा उजवा कान हलवला, जरासा पुढे केला आणि तसाच धरून ठेवला. जणू कुणी दार वाजवेल म्हणून ती वाट बघत होती.

आणि काजळीला एकदम उमगलं. गोचीड खाताना धवलराव उजव्या कानामागे टोचत आणि आत्या उजवीकडे वळे. डाव्या कानामागे टोचत आणि आत्या डावीकडे वळे. हे तिनं लहानपणापासून शंभरदा बघितलं होतं. फक्त तिला वाटे, आत्या वळते म्हणून धवलराव तिथे टोचतात.

उंबराखाली धवलरावांनाही ते याच क्षणी आठवलं असावं. ते अंगाचा भार एका पायावरून दुसऱ्या पायावर घ्यायला लागले. चोच उघडली, मिटली. नियम आडवा आला.

मागे काळिंदीचे गुडघे थरथरत होते. काजळीनं एकदा आईकडे बघितलं. पाच मुद्द्यांचाही विचार केला. मग मान पुढे करून आत्याच्या उजव्या कानामागे दातांनी हलकेच टोचलं.

आत्या लगेच उजवीकडे वळली. झपझप चालत मोहाखाली गेली. तिच्यामागे भिमामावशी, तिच्यामागे काळिंदी, आणि त्यांच्यामागे म्हशींची सगळी एकजूट.

"मी पहिल्या दिवसापासून घनश्यामच्याच बाजूची," आत्यानं संध्याकाळी सगळ्यांना सांगितलं.

"तेच म्हणते मी," भिमामावशी म्हणाली.

मोठी माणसं कधी चुकत नाहीत, बाळांनो. चुकायला आधी काहीतरी ठरवावं लागतं.

पुढे खऱ्या निवडणुकीत तरस हरला आणि घनश्याम वनाध्यक्ष झाला. म्हशी तीन दिवस आनंदानं चिखलातून बाहेर आल्या नाहीत. काळिंदी रडली. "माझ्या डोळ्यांदेखत झालं गं," ती काजळीला म्हणाली. "आपला काळा पोरगा वर बसला. आता मेले तरी चालेल." काजळीला ते शेवटचं वाक्य आवडलं नाही.

उन्हाळा लागला. म्हशी पाचव्या नंबरवरच होत्या. आठ दिवस गेले, पंधरा गेले. मग काजळी वनाध्यक्षांना भेटायला गेली.

"दादा, फिरत्या नंबरचं काय झालं?"

घनश्याम खरंच ओशाळला. तो वाईट नव्हता. "काजळे, आत्ता लगेच म्हशींचा नंबर वर आणला तर गाई म्हणतील, आपल्या जातवाल्यांचं बघतो."

"आणि गाईंचा पहिला ठेवला तर?"

"तर म्हणतील, सगळ्यांचं बघतो."

काजळीला दुसरा मुद्दाही आठवेना.

"मी समिती नेमली आहे," घनश्याम म्हणाला. "धवलराव अध्यक्ष आहेत."

"समितीत म्हैस कोण आहे?"

"म्हैस कशाला? म्हशींची बाजू धवलरावच मांडतील. त्यांना चाळीस वर्षांचा अनुभव आहे."

"दादा, आईचे गुडघे गेलेत. ती दुपारपर्यंत उभी राहू शकत नाही. आम्ही तीनशे जणींनी तुला मत दिलं."

"म्हणून तर तुला मोकळेपणानं सांगतो." त्यानं आवाज मऊ केला. "गाई रागावल्या तर उद्या दुसऱ्याकडे जातील. हरणांचा तर भरवसाच नाही. त्यांना सांभाळावं लागतं. तुम्ही कुठे जाणार आहात?"

तो हे अगदी मायेनं म्हणाला. तेच काजळीला जास्त लागलं.

ती परत आली आणि तिनं कळपाला सांगितलं, उद्या उजाडता आपण सगळ्या पाण्यावर जाऊ. नंबर नाही, रांग नाही. तीनशे म्हशींना कोण अडवणार?

अडवायला आत्याच उठली. "खबरदार. आजवर वर परके होते, तेव्हा आपण दर उन्हाळ्यात हंबरायचो, शिंगं आपटायचो. ते चालून जायचं. आता आपला पोरगा आहे तिथे. त्याला मान खाली घालायला लावायची? गाई काय म्हणतील?"

"तेच म्हणते मी," भिमामावशी म्हणाली. आणि या वेळी तिच्याबरोबर तीनशे जणी म्हणाल्या.

काजळीनं कुणाला पुन्हा विचारलं नाही. पहाटे ती एकटीच आईजवळ गेली. "आई, ऊठ. आपण दोघीच जाऊ. मी तुला आधार देते. पाणी पी आणि ये परत, कुणाला कळणार पण नाही."

काळिंदी उठली नाही. "नको गं," ती म्हणाली. "परक्यांसाठी चाळीस वर्षं थांबले. आपल्या पोरासाठी एक उन्हाळा थांबायला नको?"

"तू थांबू शकत नाहीस आई."

"नंबर लागला की पिईन."

त्या दुपारी ऊन असं होतं की मातीला भेगा पडत होत्या. माकडांच्या आंघोळी चालल्या होत्या. म्हशी रांगेत उभ्या होत्या. या वर्षी कुणी हंबरत नव्हतं, कुणी शिंग आपटत नव्हतं. सगळ्यांच्या माना ताठ होत्या. काळिंदीचे गुडघे दर दोन श्वासांनी दुमडत आणि ती ते पुन्हा सरळ करत होती. मागच्या म्हशीला ती सांगत होती, "आपला घनश्याम आहे ना वर."

काजळी येऊन आईच्या उन्हाच्या बाजूला उभी राहिली. वगारीची सावली ती केवढी, आणि तीही भर दुपारची. जेमतेम आईच्या खुरांपर्यंत पोचली.

तात्पर्य : मत देताना माणूस नेहमी परकाच बघावा. परक्याच्या दारात निदान तहान लागली म्हणून ओरडता तरी येतं.